सात म्हणजे सात

“भोंगा हे वाद्य नाही,” बाबा म्हणाले आणि त्यांनी पेपरचं पान उलटलं. त्या घरात बाबांनी पान उलटलं की विषय संपला, असा रिवाज होता.

लेकीने तो रिवाज पंधराव्या वर्षीच मोडीत काढला होता. ती म्हणाली, “सोमवारी कारखाना पाडायला घेतायत. माझ्या अल्बमचं शेवटचं गाणं भोंग्यावाचून अडलंय. किल्ली तुमच्या खिशात. मी जाऊ कुणाकडे?”

“त्या गिटारीतूनच काढ. नाहीतरी मांजर चेंगरल्यासारखी केकाटत असतेच दिवसभर.”

“अहो, द्या ना एकदा वाजवून,” आई आतून म्हणाली. “तेवढंच घर शांत.”

बाबांनी पेपर आणखी वर धरला. पण शर्टाच्या खिशावर हात मात्र गेला. खिशात किल्ली होती. रोज आंघोळ झाली की ते आधी किल्ली खिशात टाकत आणि मग बटणं लावत.

ही किल्ली कसली ते सांगायला हवं. शहराच्या पूर्वेला ओतकाम कारखाना होता. गटारांची झाकणं, पाण्याचे नळ, दिव्यांचे खांब, सगळं ओतीव लोखंड तिथून निघायचं. बाबा तिथले भोंगेवाले. सकाळी सातला पाळी सुरू झाल्याचा भोंगा, दुपारी तीनला पाळी सुटल्याचा. दोन्ही पंचेचाळीस सेकंदांचे. सव्वीस वर्षं बाबांनी यात एका सेकंदाचा फरक पडू दिला नाही. लोक घड्याळं त्यावर लावत, तान्ही मुलं त्यावर उठत, आणि बाबा गंभीर चेहऱ्याने सायकलवरून जाऊ लागले की शहर चालवणारा माणूस हाच, असं निदान बाबांना तरी वाटे.

मग बावीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी, साडेअकरा वाजता, मालकांनी भट्ट्या विझवल्या आणि माणसं गेटबाहेर काढून कुलूप ठोकलं. बाबा म्हणाले होते, “तीनचा भोंगा तेवढा देऊ द्या, मग जातो.” कुणी ऐकलं नाही. सव्वीस वर्षांत एकच भोंगा चुकला आणि तोही स्वतःच्या चुकीने नाही. नोकरी गेली हे बाबांनी पचवलं. तीनचा भोंगा राहिला, हे त्यांच्या घशाखाली कधी उतरलंच नाही. भोंग्याच्या बटणपेटीची किल्ली त्यांनी परत दिली नाही आणि नव्या मालकांना अशी काही किल्ली असते याचा पत्ता नव्हता.

लेक तेव्हा दहा वर्षांची होती. त्या दिवसाने तिला एकच गोष्ट शिकवली. ती म्हणे, “सव्वीस वर्षं हजेरी लावून शेवटी गेटबाहेर. मी जन्मात कुणाच्या हजेरीबुकात नाव लावणार नाही.” आणि तिने गिटार घेतली. आता बत्तीस वर्षांची ही बाई सकाळी दहाच्या आत डोळे उघडत नसे. बाकी तिच्या हट्टाला तोड नव्हती. बापावरच गेली होती, पण हे दोघांनाही सांगायची सोय नव्हती.

अल्बमचं नाव होतं ‘काजळी’. नगरपालिकेच्या माहितीपत्रकात या शहराबद्दल एक कारंजं आणि दोन बागा आहेत, बस्स. जणू शहर कारंज्यातूनच बाहेर पडलं. लेकीच्या बँडने ठरवलं, आपण उरलेलं गाऊ. नदी काळी झाली ते वर्ष, दोनदा पडलेला पूल, तुरुंगात भरलेली शाळा, सात आठवडे चाललेला संप. आठ गाणी झाली होती. ड्रम वाजवणारा पोटापाण्यासाठी वायरमन होता. त्याने कुठून तरी गटाराचं जुनं झाकण मिळवलं होतं आणि झांजेऐवजी तो तेच बडवी. बाबांनी एकदा ते उलटं करून पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, “तिसऱ्या भट्टीचं आहे. चीर गेलीय. म्हणून असं ठणकतंय.” संगीताबद्दल त्यांनी तोंडातून काढलेला हा एकमेव बरा शब्द.

नववं गाणं होतं ‘शेवटची पाळी’. त्याची सुरुवात भोंग्याने व्हायची होती.

पेपर संपल्यावर बाबा म्हणाले, “परवानगी?”

लेकीने कागद पुढे केला. नव्या मालकांच्या व्यवस्थापकाची सही होती. हा तरुण गृहस्थ कार्यालयातसुद्धा पांढरं हेल्मेट घालून बसे, म्हणून सगळे त्याला हेल्मेटसाहेब म्हणत. त्याने लिहून दिलं होतं, ‘ध्वनिमुद्रणासाठी कारखान्याचा भोंगा वाजवण्यास व त्याकामी लागतील ती माणसे आत घेण्यास परवानगी आहे.’ पाच पोरं येतील, काहीतरी वाजवतील, जातील, असा त्याचा हिशेब.

“शनिवारी अकराला जाऊ,” लेक म्हणाली.

“अकराला?” बाबांनी चष्मा काढला. “भोंगा अकराला वाजतो?”

“रेकॉर्डिंग आहे बाबा. कधीही वाजवला तरी आवाज तोच येणार.”

“सात म्हणजे सात. पटत असेल तर सांग, नाहीतर तुझं मांजर आहेच.”

इथे लेकीने हार मानली, आणि पुढचं सगळं रामायण या एका हार मानण्यातून घडलं. भोंगा अकराला वाजला असता तर लोकांनी मान वर करून पाहिलं असतं आणि पुन्हा खाली घातली असती. पण तो सातला वाजला.

शनिवारी सव्वासहाला बाबा गेटवर उभे होते. दाढी केलेली, खाकी गणवेश इस्त्रीचा. गणवेश पोटावर जरा रागावला होता, पण बटणं टिकून होती. लेक डोळे चोळत आली. वायरमनने टेम्पोतून जनरेटर आणला होता. छपरावर चढून त्याने भोंग्याच्या मोटरमधली दोन घरटी काढली, तेल सोडलं, वायरी जोडल्या आणि तो खाली आला. मायक्रोफोन लागले. बाबांनी भिंतीवरची बटणपेटी उघडली. किल्ली कुरकुरली नाही, कारण तिला दिवाणखान्यात बसून तेल देणं हा बाबांचा रविवारचा कार्यक्रम होता.

“काका, वाजवा की,” वायरमन म्हणाला.

“अजून चौदा सेकंद आहेत,” बाबा म्हणाले.

सात वाजले. बाबांनी बटण दाबलं.

आधी गुरगुर झाली, मग तो आवाज चढत गेला, चढत गेला, आणि साऱ्या पूर्व भागावर जाऊन उभा राहिला. खिडक्यांची तावदानं थरथरली. लेकीच्या अंगावर काटा आला. बाबांचा एक डोळा घड्याळावर होता आणि दुसरा कुठे होता ते त्यांनाच ठाऊक. पंचेचाळीस सेकंद झाले आणि हात उठला.

“वा काका!” वायरमन ओरडला. “एका दमात! आवरा रे, जाऊ घरी.”

कुणी कुठे जायचं नव्हतं. आवराआवर चालू असतानाच गेटमधून एक म्हातारे गृहस्थ लगबगीने आत आले. पायात सपाता, अंगात बनियन, हातात डबा. ते तिसऱ्या भट्टीवरचे साचेवाले होते. लेकीने विचारलं, “आजोबा, तुम्ही इकडे कसे?”

“भोंगा झाला ना!” साचेवाले म्हणाले. मग ते थांबले. हातातल्या डब्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू हा डबा कुणी भरला आणि कधी भरला तेच कळेना. “मी झोपेत होतो गं. पाय आपोआप निघाले.”

त्यांच्यामागून दोघे आले. मग पाच. मग गल्लीच्या तोंडाशी गर्दीच दिसू लागली. कुणी काठी टेकत, कुणी नातसुनेचा हात झिडकारत. एकजण अर्धी दाढी करून आला होता, उरलेल्या अर्ध्या गालावर साबण होता. सात वाजून बारा मिनिटांनी आई आली आणि तिने बाबांच्या हातात डबा ठेवला.

“तू कशाला आलीस?” बाबा म्हणाले.

“भोंगा ऐकला आणि पोळपाटावर हात गेला. तुम्ही डबा विसरला होतात.” मग तिच्या लक्षात आलं आणि ती हसली. “बावीस वर्षांनी विसरलात.”

यापुढेही सगळं निभावलं असतं. माणसं जमली, गप्पा झाल्या, चहा प्यायली, पांगली, असं म्हणता आलं असतं. पण साडेसातला हजेरीमास्तर आले आणि त्यांच्या काखेत हजेरीबुक होतं. कुलूप पडलं त्या दिवशी त्यांनी ते घरी नेलं होतं, “ओल लागू नये म्हणून”. त्यांनी हजेरी ऑफिसची खिडकी ढकलून उघडली, नाकावर चष्मा ठेवला आणि नावं पुकारायला सुरुवात केली.

“हजर.”

“हजर.”

“हजर, पण गुडघा दुखतोय.”

“गुडघ्याचा रकाना नाही.”

मग एक नाव आलं आणि कुणीच बोललं नाही. मास्तरांनी पुन्हा पुकारलं. साचेवाले हळू आवाजात म्हणाले, “गेला तो. दोन वर्षं झाली.”

मास्तरांची पेन्सिल थांबली. “मग गैरहजर लिहू?”

“आजवर एक दिवस गैरहजर नव्हता तो. रजेवर लिहा.”

मास्तरांनी रजेवर लिहिलं. त्या दिवशी एकशे अकरा नावं पुकारली गेली, त्रेसष्ट हजर निघाली आणि बाकीची सगळी रजेवर. लेकीने मायक्रोफोन बंद करायला हात पुढे केला होता, तो तिने मागे घेतला. वायरमनला तिने खुणेने सांगितलं, चालू राहू दे.

आठला हेल्मेटसाहेब आले. गेटमध्येच त्यांचं हेल्मेट कलतं झालं.

“हे काय चाललंय? कोण आहेत ही सगळी?”

“सकाळपाळी,” हजेरीमास्तर म्हणाले.

“कसली पाळी? कारखाना बंद आहे! सोमवारी यंत्रं येणार आहेत. चला, बाहेर व्हा सगळे!”

साचेवाल्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे नियमांचा पत्रा होता. रंग उडालेला, पण ओतीव अक्षरं जिथल्या तिथे. त्याच कारखान्यात ओतलेली, ती कुठे जातात? नियम चौदावा : पाळी सुटल्याचा भोंगा झाल्याशिवाय कोणीही गेटबाहेर जाणार नाही.

“आमच्या हातात नाही साहेब,” साचेवाले अतिशय नम्रपणे म्हणाले आणि खाली बसले. त्यांच्यामागे एकेक करत बाकीचे सगळे बसले. बसताना गुडघ्यांचा असा काही कडकडाट झाला की वायरमनने तो वेगळा रेकॉर्ड करून घेतला.

“मग वाजवा तो भोंगा! आत्ता वाजवा!”

बाबा बटणपेटीसमोर हाताची घडी घालून उभे होते. “तीनला.”

“अहो, मी मालकांच्या वतीने सांगतोय!”

“मागच्या वेळीही मालकांच्याच वतीने सांगितलं होतं,” बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. “तेव्हा ऐकलं. आता तीनला.”

हेल्मेटसाहेबांनी पोलिसांना फोन लावला. दहाच्या सुमारास फौजदार आले, कमरेवर हात ठेवून गेटमध्ये उभे राहिले आणि दरडावून म्हणाले, “कोण म्होरक्या आहे? पुढे या.” मग त्यांची नजर पहिल्या रांगेवर गेली आणि हात कमरेवरून आपोआप खाली आले.

“बाबा? तुम्ही इथे?”

“कामावर आहे,” साचेवाले आपल्या फौजदार मुलाला म्हणाले.

“तुमची गोळी? घरी चला बघू आधी.”

“पाळी सुटल्यावर. आणि टोपी नीट घाल, सगळे बघतायत.”

फौजदारांनी टोपी नीट घातली. हेल्मेटसाहेब हताश होऊन म्हणाले, “अहो, हे बेकायदेशीर घुसलेत!” तेव्हा लेकीने पुढे होऊन परवानगीचा कागद फौजदारांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“भोंगा वाजवायची परवानगी आहे. ‘त्याकामी लागतील ती माणसे.’ सही तुमचीच ना साहेब?” मग ते बाबांकडे वळले. “काका, भोंग्याला किती माणसं लागतात?”

“वाजवायला एक,” बाबा म्हणाले. “पण तो कुणासाठी वाजवायचा? पाळी लागते.”

“लागते म्हणतायत,” फौजदारांनी कागद परत केला. “तीनपर्यंत काही करता येईलसं दिसत नाही.” आणि बापाची गोळी आणायला कुणाला तरी घरी पिटाळून ते स्वतः पायरीवर बसले. हेल्मेटसाहेबांनी हेल्मेट काढलं. आत टक्कल पडायला लागलं होतं. आईने त्यांनाही चहा दिला.

दुपार अशी मजेत चालली होती. कुणी साचे पुसत होतं, कुणी विझलेल्या भट्टीत डोकावून शिव्या देत होतं. लेकीच्या बँडला प्रत्येकजण शहराचा इतिहास सांगत होता आणि प्रत्येकाचा इतिहास निराळा होता. पूल दोनदा नाही, तीनदा पडला, हे त्यांना तिथेच कळलं. बाबा मात्र बटणपेटीसमोरून हलले नाहीत. डबासुद्धा त्यांनी उभ्यानेच खाल्ला. बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते तीन वाजायला आता थोडाच वेळ होता. दर पाच मिनिटांनी ते घड्याळ कानाला लावत.

अडीचला वायरमन तेल द्यायला छपरावर चढला आणि उतरला तेव्हा त्याचा चेहरा मोटरइतकाच काळा होता.

“काका... मोटरमधलं तारेचं वाइंडिंग जळलंय.”

“म्हणजे?”

“सकाळीच गेलं असणार. आता नाही वाजायचा. नवीन भरायला दोन दिवस लागतील.”

बाबांनी तरीही बटण दाबलं. वर काहीतरी खुट्ट झालं, जळका वास आला आणि संपलं. त्यांनी पेटी बंद केली, किल्ली फिरवली, किल्लीकडे पाहत राहिले.

“पुन्हा राहिला,” बाबा म्हणाले. एवढंच. त्यांचे खांदे गणवेशाच्या आत कुठेतरी मागे सरले. लेकीने त्यांना असं फक्त एकदाच पाहिलं होतं, त्या मंगळवारी, दारात.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. रडू यायचं होतं, त्याऐवजी रागच आला. “वायरमन, जनरेटर चालू आहे ना? ॲम्प्लिफायर आत घे. मोठा. दोन्ही स्पीकर गेटकडे तोंड करून.”

“अगं, पण...”

“घे म्हणते ना!”

बाबांनी मान वर केली. “त्या डब्यातून? भोंगा?”

“तुम्हीच म्हणालात ना, त्या गिटारीतून काढ!”

“मी चिडवत होतो.”

“मी नाही चिडवत. बाबा, मी जन्मल्यापासून दहा वर्षं दिवसातून दोनदा तो सूर ऐकलाय. सा कुठला ते कळायच्या आधी मला तो माहीत होता. दिवसभर मांजर चेंगरतं म्हणता ना, तेव्हा मी तोच शोधत असते.”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग घड्याळाकडे. “दोन अठ्ठावन्न. मी हात वर केला की सुरू. खाली केला की बंद. मध्ये कलाकारी नको.”

ती स्पीकरसमोर जाऊन उभी राहिली. गिटार स्पीकरच्या तोंडाशी धरली की तार स्वतःच्याच आवाजाने थरथरत राहते आणि सूर संपत नाही. हीच ती किंकाळी, जिच्यापायी बाबांनी घराच्या दारांना दोनदा कापसाच्या पट्ट्या लावून घेतल्या होत्या.

तीन वाजले आणि बाबांचा हात वर गेला.

तार आधी खाली गुरगुरली. मग लेकीने ती बोटाने ओढत ओढत वर नेली आणि नेमक्या जागी रोखून धरली. सूर कारखान्याच्या पत्र्यांवर आदळला, चिमणीत शिरला, गल्लीत उतरला. तिचं बोट कापलं, रक्त आलं, तिने तार सोडली नाही. साचेवाल्यांनी डोळे मिटले होते. फौजदार नकळत उठून उभे राहिले होते. बाबांचा हात वर होता आणि गालांवरून जे वाहत होतं ते त्यांनी पुसलं नाही, कारण दुसऱ्या हातात घड्याळ होतं. मग हात खाली आला.

हजेरीमास्तरांनी बुकात रेघ मारली, तारीख घातली आणि म्हणाले, “सुटली.” म्हातारे उठले, कपडे झटकले, आणि रांगेने, कुणी न ढकलता, स्वतःच्या पायांनी गेटबाहेर पडले. जाताना साचेवाल्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

बाबा तिच्यापाशी आले. “सूर बरोबर होता,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “दोन सेकंद जास्त ओढलंस.”

हेल्मेटसाहेबांनी हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं. “चला, सुटली ना एकदाची? झालं ना समाधान?”

“सुटली की,” हजेरीमास्तर बुक काखेत मारत म्हणाले. “इतकी वर्षं सुटलीच नव्हती, म्हणून पुढची लागत नव्हती. उद्या रविवार, सुट्टी. सोमवारी सात.”

“सोमवारी? सोमवारी इथे यंत्रं येणार आहेत!”

“येऊ द्या. सातच्या आत आली तर हजेरी लागेल.”

हेल्मेटसाहेबांनी फौजदारांकडे पाहिलं. फौजदार आपल्या वडिलांना विचारत होते, सोमवारी गाडीने सोडू का.

घरी जाताना बाबा सायकल हातात धरून चालत होते. घर जवळ आल्यावर ते म्हणाले, “मोटर भरायला दोन दिवस लागतील म्हणतो तुझा वायरमन. रविवार धरायचा नाही. म्हणजे सोमवारी भोंगा नाही.”

लेकीला पुढचं वाक्य दिसत होतं.

“पावणेसातला गेटवर. उशीर चालायचा नाही.”

“बाबा, मी रॉक वाजवते.”

“वाजव की. पंचेचाळीस सेकंद.”

सोमवारी आईने दोन डबे भरले. गेटबाहेर पिवळं यंत्र घरघरत उभं होतं आणि त्याच्यासमोर त्रेसष्ट म्हातारे रांगेत उभे होते. रांगेच्या शेवटी एक नवीन माणूस होता. घरात बसून कंटाळा येतो, म्हणून कुणाचा तरी व्याही आला होता. यंत्राचा चालक खाली उतरला होता आणि साचेवाले त्याला त्याच्या यंत्राचं ओतकाम कसं कच्चं आहे ते दाखवत होते. हेल्मेटसाहेब फोनवर मालकांना काहीतरी समजावत होते आणि त्यांनाच ते समजत नव्हतं.

लेक आली तेव्हा सहा चव्वेचाळीस झाले होते. केस विंचरलेले नव्हते, बोटाला पट्टी होती. हजेरीमास्तरांनी सगळी नावं पुकारली. मग पेन्सिलीला टोक काढून, अगदी खाली, रिकाम्या ओळीत एक नाव लिहिलं आणि ते पुकारलं.

ती गप्प उभी राहिली. बाबा पुढे बघत होते. घड्याळ कानाला लावल्याचं सोंग करत होते.

“पुन्हा पुकारू का?” मास्तर म्हणाले.

लेकीने यंत्राकडे पाहिलं, गिटारीचा पट्टा खांद्यावर चढवला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “हजर!”